कॅमेरा संपाच्या बाजूने उभा राहतो तेव्हा

मित्रहो, १९७६ सालच्या 'हार्लन काउंटी, यू.एस.ए.' या माहितीपटाबद्दल आज बोलायचं आहे. दिग्दर्शिका बार्बरा कॉपल मुळात अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या राष्ट्रीय युनियनमधली सुधारणावादी चळवळ चित्रित करायला निघाल्या होत्या. १९६९च्या अखेरीस या युनियनचे बंडखोर नेते जॉक याब्लोन्स्की, त्यांची पत्नी आणि मुलगी यांचा त्यांच्याच घरात खून झाला होता. पुढे त्या कटाबद्दल युनियनचेच माजी अध्यक्ष टोनी बॉइल यांना दोषी ठरवलं गेलं. एवढ्यात १९७३मध्ये केंटकी राज्यातल्या हार्लन काउंटीत ब्रुकसाइड या कोळशाच्या खाणीवर संप सुरू झाला, आणि कॉपल तिथे जाऊन कामगारांच्याच घरांत राहू लागल्या.

मागणी साधी होती. कामगारांनी मतदानाने ही युनियन निवडली होती आणि तिचा करार त्यांना हवा होता. खाणीची मालक ड्यूक पॉवर ही वीज कंपनी. तिला करारात 'संप करणार नाही' असं कलम हवं होतं. तेरा महिने चाललं हे.

निवेदकाचा आवाज या चित्रपटात नाही. बुटक्या छताखाली, कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर आडवे पडून जाणारी माणसं दिसतात. नळाचं पाणी नसलेल्या घरात आई पोरीला टबात आंघोळ घालताना दिसते. मागण्या काय आहेत ते वेगळं सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या तिथल्या बायका. कोर्टाने पिकेटवरच्या, म्हणजे खाणीच्या वाटेवर पहारा देत निदर्शनं करणाऱ्या कामगारांची संख्या बांधून दिली, तेव्हा या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या एका सभेत भांडण जुंपतं. कोण दारू पिते, कोण कुणाच्या नवऱ्यावर डोळा ठेवून आहे, असले आरोप. तेवढ्यात एकजण ठणकावते की मला पुरुष नकोय, मला करार हवाय! दुसऱ्या कुणी हे भांडण कापून टाकलं असतं. कॉपलनी ते ठेवलं, म्हणूनच या बायकांची एकजूट खरी वाटते. ती काही आयती मिळालेली नाही.

पहाटेच्या अंधारात संपफोडे येतात, त्यांच्यासोबत बंदूकधारी. कॉपल आणि त्यांच्या चमूवरही हल्ला होतो, पडदा हेलकावे खातो. कॅमेरा तटस्थ असावा असं आपल्याला शिकवतात. तो तिथे तटस्थ राहिला असता, तर रस्त्याच्या पलीकडून काय दिसलं असतं?

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारासमोरही एक सुंदर प्रसंग आहे. निदर्शनाला आलेला खाणकामगार आणि तिथला पोलीस सहज गप्पा मारत पगार नि सवलतींची तुलना करतात. जमिनीखाली जीव धोक्यात घालणाऱ्याच्या पदरात कमी पडतं, हे पोलिसाच्या ध्यानात येतं. भाषणाने हे साधलं नसतं.

ऑगस्ट १९७४मध्ये लॉरेन्स जोन्स या तरुण कामगाराला गोळी लागली आणि तो गेला. मागे कोवळ्या वयाची बायको आणि तान्हं मूल. त्यानंतरच कंपनीने करारावर सही केली. हा क्रम मला आजही अस्वस्थ करतो.

पण कॉपल विजयाच्या जल्लोषावर थांबत नाहीत. त्याच वर्षी देशभरासाठी नवा करार होतो, त्यात स्थानिक संपाचा हक्क मिळत नाही, आणि कामगार आता आपल्याच युनियनच्या नेत्यांशी वाद घालू लागतात. तेही पडद्यावर आहे.