आठ मिनिटं

मंडळी, साकू कोइवूची गोष्ट मी त्याच्या जन्मापासून सांगणार नाही. ९ एप्रिल २००२ च्या संध्याकाळपासून सांगणार आहे. कॅनडातलं मॉन्ट्रियल शहर, मोल्सन सेंटर नावाचं स्टेडियम, आत २१ हजारांवर माणसं. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स विरुद्ध ऑटावा सेनेटर्स असा आइस हॉकीचा सामना सुरू व्हायचाय, आणि तो सुरूच होत नाहीये. कारण मॉन्ट्रियलचा कर्णधार, ११ नंबरचा कोइवू, बर्फावर उतरला आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पंच ताटकळले, समोरचा संघ ताटकळला. अशी आठ मिनिटं गेली. आता तुम्हीच घड्याळ लावून आठ मिनिटं टाळ्या वाजवून बघा. दुसऱ्या मिनिटाला तळवे चुरचुरायला लागतात.

या माणसाने त्या मोसमात तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. म्हणजे या टाळ्या कुठल्या गोलासाठी नव्हत्या.

आता थोडं मागे जाऊ. कोइवू हा फिनलंडच्या तुर्कू गावचा, जन्म १९७४ चा. फिनिश भाषेत ‘कोइवू’ म्हणजे बर्चचं झाड, आपल्या भूर्जपत्राच्या भूर्जाचा भाऊबंद. नाव झाडाचं, पण हा काही उंच नाही. पाच फूट दहा इंच. आइस हॉकीत समोरचा सव्वासहा फुटी गडी अंगावर येऊन आदळतो आणि नियमात बसत असेल तर पंच शिट्टीही वाजवत नाही. तिथे हा सेंटर खेळायचा. सेंटर म्हणजे तीन आक्रमकांमधला मधला, जो फेसऑफला, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतो तेव्हा, वाकून उभा राहतो आणि बाकी दोघांना पक पुरवतो. पक म्हणजे रबराची चपटी चकती. या खेळात चेंडू नसतो. एका वेळी एका संघाचे सहा जण बर्फावर, आणि गोलरक्षक सोडून बाकीचे एका दमात पाऊण-एक मिनिट. मग धापा टाकत बाहेर यायचं आणि दुसऱ्या तुकडीने आत जायचं. इतकी दमछाक असते.

१९९५ साली फिनलंडने पहिल्यांदा जागतिक अजिंक्यपद जिंकलं. तेही स्टॉकहोममध्ये, स्वीडनला त्यांच्याच घरात ४-१ असं हरवून. स्वीडन म्हणजे फिनलंडचा थोरला शेजारी, आणि थोरल्या शेजाऱ्याकडून सतत हरणं काय असतं ते धाकट्यालाच ठाऊक. गंमत अशी की फिनलंडचा प्रशिक्षकही स्वीडिशच होता, कर्ट लिंडस्ट्रॉम. कोइवू, व्हिले पेल्टोनेन आणि येरे लेहटिनेन या तिघांच्या फळीला लोक ‘तूपू, हूपू, लूपू’ म्हणायचे. डोनाल्ड डकच्या तीन पुतण्यांची ही फिनिश नावं. सामना तीन सत्रांचा असतो. अंतिम सामन्यात पेल्टोनेनने पहिल्याच सत्रात तीन गोल केले. कोइवू तेव्हा फक्त वीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी तो मॉन्ट्रियलला गेला. स्टॅनली कप म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीचं अजिंक्यपद. या संघाकडे असे २४ कप आहेत, दुसऱ्या कुणाकडेही इतके नाहीत. पण कोइवू गेला तो पडत्या काळात. शेवटचा कप १९९३ चा. तो तिथे होता तेवढ्या काळात एकही आला नाही, वर गुडघ्याच्या आणि खांद्याच्या दुखापतींनी त्याचा पिच्छा पुरवला. तरीही १९९९ मध्ये कॅनेडियन्सने त्याला कर्णधार केलं. युरोपातून आलेला हा त्यांचा पहिला कर्णधार.

सप्टेंबर २००१. नव्या मोसमासाठी तो मॉन्ट्रियलला परत आला तोच पोटदुखी आणि उलट्या घेऊन. तपासण्या झाल्या. निदान निघालं बर्किट लिम्फोमा. लसीका ग्रंथींचा हा कर्करोग झपाट्याने वाढतो, गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. उपचारात विलंब परवडत नाही. ताबडतोब केमोथेरपी सुरू झाली. वय सव्वीस. मोसम हातचा गेलाच, असंच सगळे धरून चालले होते.

इथे मला एका यंत्राबद्दल बोलायचंय, आणि जरा सविस्तर बोलणार आहे. केमो झाली, गाठ आकसली, तरी पोटात काहीतरी शिल्लक दिसतं. ते जिवंत आहे की नुसता मेलेला व्रण, हे साध्या सीटी स्कॅनला नेमकं सांगता येत नाही. त्यासाठी पेट स्कॅन लागतो. किंचित किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. पेशी जितकी हावरट तितकी ती साखर जास्त ओढते, आणि ती जागा चित्रात उजळते. हे यंत्र तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये रुग्णांसाठी नव्हतं. कोइवूला स्कॅनसाठी दीडेकशे किलोमीटरवरच्या शेरब्रुकला जावं लागलं.

तो बरा झाला आणि त्याने आपल्या नावाने प्रतिष्ठान काढलं, मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलला पेट स्कॅनर मिळावा म्हणून. पैसे जमले, यंत्र आलं. त्याने आजाराला हरवलं असं सगळे कौतुकाने सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. आजार औषधांनी आणि डॉक्टरांनी आटोक्यात आणला, आणि नशिबाने साथ दिली. कोइवूचं स्वतःचं कर्तृत्व मला दिसतं ते शेरब्रुकच्या त्या रस्त्यावर. आपल्याला गाडी मिळाली, सोबत मिळाली. केमोने गळालेला दुसरा माणूस इथवर कसा येणार, हे त्याच्या मनात आलं आणि तिथेच राहिलं नाही. कर्णधार म्हणावा तर अशाला.

तर त्या आठ मिनिटांनंतर संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, गेला आणि पहिल्या फेरीत वरचढ बोस्टनच्या संघाला त्याने घरी पाठवलं. कोइवूने त्या प्लेऑफमध्ये बारा सामन्यांत दहा गुण मिळवले, म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले पास मिळून दहा.

पुढची वर्षंही सोपी नव्हती. फेब्रुवारी २००६, तुरिन ऑलिंपिक, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा स्वीडन. २-२ अशी बरोबरी. तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच फेसऑफला कोइवूची स्टिक मोडली. नवी घ्यायला तो बाकाकडे वळला आणि दहाव्या सेकंदाला स्वीडनच्या निकलास लिडस्ट्रॉमने गोल मारला. स्वीडन ३-२. फिनलंडच्या वाट्याला रौप्य. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मॉन्ट्रियलकडून कॅरोलायनाच्या संघाविरुद्ध खेळताना, स्टिक लागून त्याच्या डाव्या डोळ्याला जबर इजा झाली. डोळा पूर्ववत झाला नाही, तरी तो आणखी आठ मोसम खेळला. फ्रेंच बोलत नाही म्हणून मॉन्ट्रियलमध्ये त्याच्यावर टीका झाली. मॉन्ट्रियल ज्या फ्रेंचभाषक प्रांतात आहे त्या क्वेबेकच्या माणसाला आपल्या भाषेचं किती वाटतं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ती टीका मला अगदीच अनाठायी वाटत नाही. पण ती करणारं शहरही तेच, आठ मिनिटं उभं राहिलेलं.

२००९ मध्ये तो अमेरिकेतल्या अ‍ॅनहाइमला गेला, जुना मित्र टेमू सेलेन्नेच्या संघात. जानेवारी २०११ मध्ये मॉन्ट्रियलला परतला तो परक्या संघाचा गडी म्हणून. निवेदकाने नाव घेतलं. स्टेडियम उठलं. हा बर्फावर उभा, अंगावर दुसऱ्यांची जर्सी, पाठीवर तोच ११ नंबर. त्याने हात वर केला, आणि टाळ्या याही वेळी लवकर थांबल्या नाहीत.