उचलीचे उत्पन्न कोण लिहून देणार?

श्रोतेहो, नमस्कार. आरोग्य धोरणाचा अभ्यासक म्हटले की लोकांना आकड्यांचे तक्ते आठवतात. माझी नोकरीची बहुतेक वर्षे मात्र रुग्णालयांच्या चौकशी खिडकीपाशी, रांगेतल्या माणसांच्या हातातले कागद पाहण्यात गेली. योजना मंत्रालयात मंजूर होते, पण ती मिळते किंवा हुकते ती खिडकीवर. पुन्हा सांगतो, खिडकीवर.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली त्याची रीतसर योजना ठरवून दिली असून निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही.

अशाच एका रुग्णालयात ऐन गळीत हंगामात बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड करणारी बाई आणली गेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढताना ती घसरली होती आणि तिच्या मांडीचे हाड मोडले होते. शिधापत्रिका गावी, पेटीत. खिडकीवरच्या कारकुनाने अगदी सौजन्याने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला, तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "साहेब, आम्ही मुकादमाकडनं उचल, म्हंजे मजुरी आगाऊच, घेऊन आलो. पैसा दिवाळीच्या आधीच खर्चून बसला, आता नुसती फेड चालू हाय. ह्याला उत्पन्न म्हणायचं का कर्ज, ते तुम्हीच लिवा." कारकुनाचे पेन थांबले. मग त्याने मुकादमाची नोंद तरी आहे का, असे विचारले. तीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, आणि नाव एकट्या नवऱ्याचे. बाईने काम केल्याचा पुरावा कोणता, या प्रश्नावर स्ट्रेचरवरून उत्तर आले, "मांडी काय घरी बसून मोडली व्हय?" अखेर समाजसेवा अधीक्षक बाहेर आल्या, त्यांनी गावच्या रेशन दुकानदाराला फोन लावला, शिधापत्रिकेचे छायाचित्र मोबाईलवर मागवून घेतले आणि तेवढ्यावर बाईला दाखल करून घेतले.

त्यानंतर माझ्या प्रश्नावलीत "लाभ मिळाला का?" याच्या आधी "कोणत्या कागदासाठी परत जावे लागले?" हा प्रश्न येऊ लागला. जो कागद सरकारच्याच संगणकात आहे, तो रुग्णाने का आणावा? शिधापत्रिकेला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक असताना तो रुग्णालयाने स्वतः तपासावा, हे मी प्रत्येक बैठकीत मांडत आलो. (कोणत्याही मोठ्या रुग्णालयाबाहेर औषधांच्या दुकानाइतकीच गर्दी झेरॉक्सच्या दुकानात असते, याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?)

2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, मोफत उपचारांची राज्य सरकारची जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून पिवळ्या, केशरी आणि आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे. पात्रता जितकी रुंद, तितके कागद कमी, म्हणून श्रीमंतांनाही लाभ मिळतो ही तक्रार मला पटत नाही.

नावातला फरक मात्र आजही अडवतो. तेव्हा हंगामाला निघण्यापूर्वी शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावे जुळवून घ्या आणि दोन्ही सोबत ठेवा. योजनेचा मदत क्रमांक आहे 155388. लिहून घ्या, एक पाच पाच, तीन आठ आठ.