बशीतला चहा आणि बंगालचा उपसागर

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्याला समुद्र नाही. पण २०२१च्या सप्टेंबरात ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकलं, आणि दोन दिवसांत त्याचा पाऊस आपल्या वावरात उभा राहिला. कापणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. ते कोण विसरेल? म्हणून आज त्या किनाऱ्यावर वादळात समुद्राचं पाणी कसं चढतं, त्याबद्दल बोलतो.

बशीत चहा ओता आणि एका कडेनं फुंकर घाला. चहा पलीकडच्या काठावर चढतो. तीच फुंकर खोल पेल्यात घाला, फारसं काही होत नाही. ढकललेलं पाणी खालून परत फिरतं. वादळात समुद्राचं हेच होतं. हवेचा दाब घटल्यानंही पाणी फुगतं, पण दाब एका मिलिबारनं (हे दाब मोजायचं माप) घटला, तर जेमतेम एक सेंटिमीटर. खरा जोर वाऱ्याचा. बंगालचा उपसागर उत्तरेला उथळ, वर नरसाळ्यासारखा निमुळता. १९७०च्या भोला वादळात तिथे किमान ३ लाख माणसं गेली, बहुतेक पाण्यानंच.

हे पाणी किती चढेल, ते आधी काढायचं कसं? संगणकात समुद्राचे त्रिकोणी तुकडे पाडतात. खोल समुद्रात तालुक्याएवढे मोठे, खाडीच्या तोंडाशी अगदी लहान. मग प्रत्येक तुकड्याची खोली, भरती, वारा, दाब धरून शेजारच्या तुकड्यात किती पाणी सरकलं याचा हिशेब क्षणाक्षणाला मांडतात. समुद्राची माहिती आणि इशारे देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेत हे काम चालतं.

अडचण असते ती वादळाच्या वाटेची. २०१७ साली फ्लोरिडात ‘इर्मा’ वादळ टँपाच्या खाडीच्या पूर्वेकडून गेलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि खाडीच उघडी पडली; लोक तळावर चालत गेले. (असं कधीही करू नये, वारा फिरला की पाणी परत येतं.) वादळ पश्चिमेकडून गेलं असतं, तर तेच पाणी शहरात शिरलं असतं. म्हणून एकाच वाटेवर भरवसा न ठेवता वाट डावीउजवीकडे सरकवून गणित पुन्हा पुन्हा करतात. मला यातला प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

१९९९च्या महावादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ साली ‘फायलिन’ आलं, तेव्हा गंजाम, पुरीच्या किनाऱ्यावर पाणी तीन मीटरपर्यंत चढेल, असा इशारा आधीच दिला गेला होता. पक्के निवारे बांधलेले होते, दारोदार जाऊन सांगणारी माणसं होती. लाखो लोक वादळ येण्याआधीच हलवले. या वेळी मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.