मग पुढं काय झालं? : परवाच्या ऑस्करचा माझा अंदाज

नमस्कार मंडळी. आज शनिवार, 1 मार्च 2025. परवा सोमवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडं लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ असताना, 97वे ऑस्कर सुरू होतील. माझी वही तयार आहे. दोनशे पानी वही, त्यात दरवर्षी दोन रकाने, एक 'मिळेल' आणि दुसरा 'मिळावं'. मिळेल हे डोक्यानं लिहायचं, मिळावं हे मनानं. दोन्ही एकात मिसळले की अंदाज चुकतो, आणि हे मी कुठं शिकलो ते आधी सांगतो, मग नावं सांगतो.

2002 साल. मी कॉलेजात सेकंड इयरला. आमच्या तालुक्याच्या गावात एकच थेटर, आणि तिथले ऑपरेटर अण्णा. अण्णांनी सुरुवात केली ती जत्रेतल्या तंबू टॉकीजवर, मग इथं केबिनमध्ये तीसेक वर्षं. मशीनच्या आत कार्बनच्या कांड्या जळायच्या, केबिन असली तापायची की अण्णा बनियनवर बसायचे, आणि मी शेजारी लोखंडी स्टुलावर. त्या वर्षी 'लगान' ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या शेवटच्या पाचात होता. भारताचा पिच्चर तिथवर जाणं म्हणजे त्याआधी फक्त 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे', आणि लगान धरून आजतागायत तीनच हो, तीनच. त्यामुळं गावात दुसरा विषयच नव्हता. सलूनमध्ये लगान, एसटी स्टँडवर लगान. आशुतोष गोवारीकर आपला मराठी माणूस, सेट उभा करणारे नितीन चंद्रकांत देसाई आपले, मग काय! मी वहीत एकच रकाना केलेला आणि त्यात ठळक लिहिलेलं, लगान.

एका संध्याकाळी केबिनमध्ये चहा आला आणि अण्णांनी विचारलं, "बाकीचे चार पिच्चर कसले आहेत रे?" मी पेपरात वाचलेलं तेवढंच सांगितलं. फ्रान्सचा 'अमेली', नॉर्वेचा एक, अर्जेंटिनाचा एक, आणि बॉस्नियाचा 'नो मॅन्स लँड'. हा शेवटचा काय आहे म्हणाले. म्हटलं, अण्णा, युद्ध चालू आहे, दोन सैन्यांच्या मधल्या जागेत एक खंदक आहे आणि त्यात दोन शत्रू अडकलेत, एक इकडचा एक तिकडचा. आणि तिसरा एक शिपाई तिथंच उताणा पडलाय, तो मेला असं समजून त्याच्या पाठीखाली कुणीतरी सुरुंग ठेवलाय, आणि तो तर जिवंत आहे. हलला की सुरुंग उडणार आणि तिघंही जाणार. अण्णांचा कप ओठापाशीच राहिला. म्हणाले, "मग? पुढं काय झालं?" मी म्हटलं माहिती नाही, पेपरात एवढंच होतं. अण्णा म्हणाले, "पोरा, मग बक्षीस त्याला मिळणार."

मला राग आला. तुम्ही आपल्या पिच्चरच्या विरुद्ध कसे काय बोलता? अण्णा म्हणाले, "विरुद्ध नाय रे. लगान मी इथं रोज चालवलाय, साडेतीन तासाच्या वर पिच्चर, एक माणूस उठला नाय. पण देणारी माणसं परकी आहेत, त्यांना क्रिकेट कुठं कळतंय. तू मला गोष्ट सांगितलीस ती अर्ध्या कपात सांगितलीस आणि मला आता झोप नाही. ज्या पिच्चरची गोष्ट ऐकून माणूस 'मग पुढं काय झालं' विचारतो, तो पुढं जातो." नो मॅन्स लँडला जानेवारीतच, ऑस्करच्या आधी दिलं जाणारं गोल्डन ग्लोब बक्षीस मिळालेलं होतं, पेपरात ते पण आलेलं, पण मी ते वहीत घेतलंच नव्हतं.

25 मार्च, सोमवार. पहाटे केबलवाल्याच्या छोट्या ऑफिसात आम्ही वीस-बावीस जण. लाइट जाते की काय ही धाकधूक. अण्णा रात्रीचा शो संपवून आलेले, डोळे लाल. आमच्यातल्या एकानं पेढे आणून ठेवलेले, पुडा बांधलेलाच. आणि मग ते पाकीट फोडलं, नाव आलं, बॉस्नियाचा नो मॅन्स लँड. कुणी काही बोलेना. एक जण उठून बाहेर जाऊन उभा राहिला. माझ्या डोळ्यात पाणी आलेलं, ते आजही आठवतं, आणि अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काय म्हणाले असतील? "आता तरी सांग, त्या गड्याचं काय झालं?"

तर मला ते सांगता येईना. पुढं सात-आठ महिन्यांनी पुण्याहून मित्रानं सीडी आणली, मी पिच्चर बघितला आणि त्याच रात्री थेटरवर गेलो. शो चालू होता, मशीन घरघरतंय आणि मी अण्णांना सगळी गोष्ट सांगतोय. सुरुंग काढणारा येतो, खाली वाकून बघतो, आणि कळतं की हा निकामी करताच येत नाही. मग तिथले अधिकारी पत्रकारांना सांगतात की वाचवला, सगळ्या गाड्या निघून जातात, अंधार पडतो, आणि तो माणूस तसाच, सुरुंगावर, आकाशाकडं बघत. एकटा. एवढं मी सांगितलं आणि खालून शिट्ट्या सुरू झाल्या. पडदा पांढराफटक! रीळ संपलं होतं आणि दुसरं मशीन चालू करायचं अण्णांकडून राहिलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मॅनेजर ओरडत वर आला, अण्णांनी मशीन लावलं, आणि मला एवढंच म्हणाले, "बरोबर माणसाला दिलं बक्षीस."

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत आणि अंदाजाची कसोटी एकच. गोष्ट सांगायची, आणि ऐकणारा 'मग पुढं काय झालं' म्हणतो का बघायचं.

आता परवाचं. बेस्ट पिक्चरला दहा नावं आहेत आणि तिथं मतदार नुसतं एकाला मत देत नाहीत, पसंतीक्रम लावतात. म्हणजे ज्याला पुष्कळ लोक पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या नंबरवर ठेवतात तो जिंकतो. काही लोकांना अति आवडणारा आणि बाकीच्यांना अजिबात न आवडणारा पिच्चर तिथं मार खातो. मतदान 18 फेब्रुवारीलाच बंद झालंय हेही लक्षात ठेवा, त्यानंतर मिळालेल्या बक्षिसांचा मतांवर परिणाम नाही.

गेल्या रविवारी मी बायकोला चहावर एकेक गोष्ट सांगितली. 'द ब्रुटलिस्ट', युद्धातून वाचलेला हंगेरीचा ज्यू आर्किटेक्ट अमेरिकेत येतो, एक श्रीमंत माणूस त्याच्याकडून मोठी इमारत बांधून घेतो. तिनं ऐकलं, छान आहे म्हणाली, बिस्किट घेतलं. 'कॉनक्लेव्ह', पोप वारलेत, सगळे कार्डिनल एका दाराआड कोंडलेत, नवा पोप निवडायचाय आणि प्रत्येकाचं काहीतरी लपलेलं आहे. लगेच म्हणाली, "मग कोण झालं पोप?" आणि 'अनोरा', न्यूयॉर्कमधली क्लबात नाचणारी पोरगी, रशियन अब्जाधीशाच्या लाडावलेल्या पोराशी लग्न करून बसते, आणि आईबाप ते लग्न मोडायला माणसं पाठवतात, आणि नवराच पळून जातो. तिनं कप खाली ठेवला. "आणि मग तिचं?"

म्हणून 'मिळेल' या रकान्यात अनोरा. साठ लाख डॉलरमध्ये झालेला पिच्चर, तिकडच्या हिशोबानं काहीच नाही. मागच्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं सगळ्यात मोठं बक्षीस त्यालाच, आणि दिग्दर्शकांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांनी फेब्रुवारीत त्यालाच निवडलंय. दिग्दर्शक शॉन बेकर, तोही अनोराचाच. परत सांगतो, पिच्चर अनोरा, दिग्दर्शक शॉन बेकर. कॉनक्लेव्हनं ब्रिटनचं बाफ्टा बक्षीस घेतलंय, त्यामुळं धक्का बसला तर तिकडूनच.

ब्रुटलिस्टबद्दल मात्र एक बोलणार. पिच्चर तीन तास पस्तीस मिनिटांचा आणि मध्ये दिग्दर्शकानंच पंधरा मिनिटांचं मध्यंतर ठेवलंय, पडद्यावर घड्याळ उलटं मोजतंय. तिकडं याचं केवढं कौतुक झालं, आणि आपण तर मध्यंतरावरच वाढलो. आपल्याकडं लेखक मध्यंतराला गोष्ट कुठं आणून सोडायची ते ठरवून लिहायचे. आता मल्टिप्लेक्सवाले इंग्रजी पिच्चर बोलत्या वाक्यात तोडतात, वीस मिनिटं जाहिराती लावतात आणि पॉपकॉर्नच्या पैशात घरच्या सगळ्यांचं मिसळपाव होईल. मध्यंतर द्या, पण जागा बघून द्या. बरं.

नट, मिळेल ब्रुटलिस्टमधला एड्रियन ब्रोडी. 2003 मध्ये तो 29 वर्षांचा असताना जिंकला, इतका तरुण नट मुख्य नटाची ऑस्करची बाहुली आजवर घेऊन गेलेला नाही. यंदा त्याच्यासमोर टिमोथी शालमे आहे, तोही 29चाच आणि तेव्हाच्या ब्रोडीपेक्षा थोड्या महिन्यांनी लहान, म्हणजे तो जिंकला तर ब्रोडीचाच विक्रम ब्रोडीसमोर मोडणार. शालमेला गेल्या आठवड्यात कलाकारांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं, पण तोवर मतदान बंद झालेलं. म्हणून ब्रोडी. सहाय्यकमध्ये कीरन कल्किन आणि झोई सल्डाना, हे पक्कं. नटी, मिळेल डेमी मूर, 'द सबस्टन्स'साठी. म्हातारं होण्याची भीती असलेली नटी स्वतःतूनच तरुण बाई जन्माला घालते, हे ऐकून आमच्या घरी कप हातातच राहिला होता. आणि मिळावं कुणाला ते शेवटी सांगतो.

आपल्याकडून पाठवलेला 'लापता लेडीज' डिसेंबरमध्येच बाहेर पडला. आज त्याला रिलीज होऊन बरोब्बर वर्ष झालं. गोड पिच्चर, मला मनापासून आवडतो. पण पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' पाठवायला हवा होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. कानला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालेला पिच्चर, त्यात मल्याळम आहे, हिंदी आहे आणि आपली मराठी पण आहे. छाया कदमची पार्वती मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करते, बिल्डर घर खाली करायला लावतो, कागद नाहीत म्हणून ती शेवटी रत्नागिरीकडं आपल्या गावी परत जाते. मुंबईत किती पार्वती आहेत सांगा! आणि लापता लेडीजमधली मंजू माई पण छाया कदमच. एका वर्षात एका बाईनं दोन असली कामं केली आणि आपण तिचा साधा सत्कार पुरेसा केला नाही.

लघुपटात 'अनुजा' आहे, दिल्लीतल्या शिलाईच्या कारखान्यात राबणारी नऊ वर्षांची पोर. ते काम केलंय सजदा पठाणनं, ती सलाम बालक ट्रस्टच्या आधारानं वाढतेय, आणि हा ट्रस्ट उभा राहिला सलाम बॉम्बेच्या पैशातून. म्हणजे 1989 ला ऑस्करच्या दारात जाऊन आलेल्या पिच्चरनं दुसऱ्या एका पोरीला तिथवर नेलं. दोन्ही रकान्यांत अनुजा. कार्टूनपटात 'फ्लो', लाटव्हियाचा, पुरात सापडलेलं मांजर, एक शब्द बोलणं नाही, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला.

घरचं थोडं. 'छावा' बघितला, थेटरात रडणं ऐकू येत होतं. विकी कौशलचं नाव पुढच्या वर्षी सगळ्या हिंदी पुरस्कारांत असणार, लिहून ठेवा. फक्त संगीतात हलगी आणि संबळ अजून घुमायला हवं होतं. आणि 'साबर बोंडं', रोहन कानवडेंचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवातून जागतिक विभागातलं पहिलं बक्षीस घेऊन आलाय. वडलांच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणीचा शेतकरी मित्र, दोघांच्या प्रेमाची गोष्ट. आपल्याकडं अजून लागायचाय. श्वास, हरिश्चंद्राची फॅक्टरी, कोर्ट यांच्यानंतर चौथा मराठी पिच्चर भारताकडून तिकडं जावा, आणि तो हाच असावा असं मला फार वाटतं. लागला की प्राइम टाइमचे शो मात्र मिळू देत त्याला, सकाळी नऊला कोण जाणार?

राहिला ब्राझीलचा 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'. 1971, लष्करी राजवट, घरात माणसं येतात आणि पाच मुलांच्या बापाला चौकशीला म्हणून घेऊन जातात, तो परत येत नाही. बायको युनिस शोधत राहते, वकील होते, पोरं वाढवते. तिचं काम केलंय फर्नांडा टोरेसनं, आणि 1999 मध्ये तिची आई फर्नांडा माँटेनेग्रो पण नटीच्या नामांकनात होती, याच दिग्दर्शकाच्या पिच्चरसाठी. शेवटी 1996 ला युनिसला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळतो आणि तो हातात धरून ती हसते.

ही गोष्ट मी रविवारी सगळ्यात शेवटी सांगितली. बायकोनं 'मग पुढं' विचारलं नाही. कप उचलून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज आला बराच वेळ. मग दारात येऊन हात पुसत म्हणाली, "पंचवीस वर्षं, एका दाखल्यासाठी."

आंतरराष्ट्रीय चित्रपट, दोन्ही रकान्यांत, आय अ‍ॅम स्टिल हिअर. नटी, 'मिळावं'च्या रकान्यात, फर्नांडा टोरेस. सोमवारी पहाटे साडेपाच, गजर लावून ठेवा. नमस्कार.