पऱ्हाटीतली साखर

फेब्रुवारी उलटतो तशी यवतमाळ-अमरावतीकडच्या काळ्या रानात कापसाची शेवटची वेचणी आटोपते आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी काडी, चिमट्याने उपटून धुऱ्यावर रचली जाते. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन. थोडी चुलीत जाते, पुष्कळशी पेटवली जाते. उभी ठेवून तर अजिबात चालत नाही, उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते.

या काडीचा सुमारे तिसरा हिस्सा सेल्युलोज असतो, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. त्या तुटल्या तर इथेनॉल करता येतं. पण साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमला तिथवर पोचू देत नाही ते लिग्निन, म्हणजे काडीला लाकडासारखा कडकपणा देणारा पदार्थ. धानाच्या तणसापेक्षा पऱ्हाटीत ते बरंच जास्त असतं, ही जवळजवळ लाकडाचीच काडी. म्हणून तणसाची पद्धत इथे जशीच्या तशी लावू नये.

आधी मुळांची माती झटकून काढा, नाहीतर ग्राइंडरचे हातोडे लवकर झिजतात. काडी कडक वाळलेली हवी. ओलसर असली की सालीचे धागे निघून शाफ्टला गुंडाळतात आणि मशीन अडतं. भुसा तीन मिलिमीटरच्या जाळीतून काढा.

एक किलो कोरड्या भुशाला दहा लिटर पाणी आणि २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. भांडं स्टेनलेस स्टीलचंच. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. मग १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली, ९० मिनिटं.

प्रयोगशाळेतल्या मोजमापात एवढ्याने जवळपास ६५ टक्के लिग्निन निघतं आणि पुढे सुमारे ६० टक्के सेल्युलोजची साखर होते. त्याच तापमानाला, तेवढाच वेळ २ टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरलं, तर हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसोबतच्या आखूड साखळ्या) जवळजवळ सगळं सुटतं, पण सेल्युलोजची साखर पाव हिश्श्याच्या आतच अडते. पऱ्हाटीला सोडाच बरा.

आता सोड्यातून निघालेला लगदा सामू (पीएच) सातवर येईपर्यंत धुवायचा. धुतलेला लगदा वाळवू मात्र नका. वाळताना तंतूंमधली सूक्ष्म छिद्रं मिटतात, पुन्हा भिजवलं तरी पूर्ण उघडत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते. ओलाच घ्या, सामू पाचच्या आसपास आणा, सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, घाला आणि ५० अंशाला दोन-तीन दिवस ढवळत ठेवा.

राहिलं ते सोड्यात शिजवल्यावर लगद्यातून निघालेलं काळं पाणी. त्यात आम्ल घालून सामू दोन-तीनवर आणला की लिग्निन खाली बसतं. गाळून, धुऊन, वाळवलं की रेझिनमध्ये किंवा बॉयलरमध्ये ते चालतं. वरचं पाणी आम्लधर्मी आणि खारट असतं. प्रक्रिया केल्याशिवाय ते नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये.