३ किलोवॅटचं घर: युरोपात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहताना

रोममधल्या जुन्या इमारतीतला दोन खोल्यांचा फ्लॅट. संध्याकाळी गिझर चालू आहे, ओव्हन तापतोय, वॉशिंग मशीन फिरतंय आणि कुणीतरी हेअर ड्रायर लावतं. क्षणात घरभर अंधार.

बिघाड काहीच झालेला नाही. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुतेक ३ किलोवॅटची असते. ओव्हनला साधारण २ किलोवॅट लागतात, ड्रायरला जवळपास तेवढेच, वॉशिंग मशीन पाणी तापवत असेल तर त्यालाही तेवढेच, गिझरला सव्वा ते दीड. बेरीज फार पुढे गेली की मीटर स्वतःच वीज तोडतो.

आधी फ्लॅटमधला मेन बोर्ड बघा. सगळे खटके वर आहेत आणि तरी वीज नाही, म्हणजे तळमजल्यावर किंवा जिन्यात असलेल्या मीटरचा खटका पडलाय. घरातलं एखादं मोठं उपकरण बंद करा आणि मगच खाली जाऊन तो वर करा, नाहीतर पुन्हा पडेल. मीटरच्या कपाटाला कुलूप असू शकतं, म्हणून ताबा घेतानाच मालकाला मीटर कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणती ते विचारून घ्या. घरातल्या बोर्डावरचा, शेजारी छोटं टेस्ट बटण असलेला खटका पडला असेल तर मात्र प्रकरण वेगळं. कुठल्यातरी उपकरणातून करंट गळतोय. सगळ्यात शेवटी लावलेलं उपकरण काढा आणि पुन्हा वापरू नका.

हॉटेलात अशा वेळी रिसेप्शनला फोन केला की भागतं. फ्लॅटमध्ये तो जिना आपल्यालाच उतरावा लागतो. घराला काय झेपतं हे राहणाऱ्याला ठाऊक असावं लागतं, आणि पाण्याचंही तसंच आहे.

समजा गिझरची टाकी ८० लिटरची आहे. त्यातलं ६० अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळलं तर अंघोळीजोगं पाणी दीडशे लिटरही होत नाही. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो, म्हणजे चौघांच्या वाट्याला चार-चार मिनिटं. टाकी रिकामी झाली की दीड किलोवॅटच्या कॉइलला ती पुन्हा तापवायला जवळजवळ तीन तास लागतात. त्यामुळे आपल्याकडच्या सवयीने अंघोळ झाली की गिझर बंद करू नका. पाणी तापलं की तो आपोआप थांबतो. ओव्हन लावाल तेवढा वेळ मात्र बंद ठेवा.

आता ही बाथरूमची फरशी नीट बघा. शॉवरच्या काचेबाहेर ना उतार आहे, ना पाणी जायला जाळी. इथे बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली की ते खालच्यांच्या छतातून ठिबकतं आणि भरपाई तुमच्या अनामत रकमेतून जाते. तांब्याने अंघोळ करायचीच असेल तर शॉवरच्या ट्रेमध्ये बसून करा.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात जपायचं ते दार. बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसते, नुसता एक गोळा असतो. कचरा टाकायला दोन पावलं बाहेर गेलात आणि दार ओढलं गेलं, की लॅच लागलंच. त्यातून किल्ली आतल्या बाजूने कुलपात अडकलेली असेल, तर अनेक कुलपांत बाहेरून दुसरी किल्लीही फिरत नाही. रात्री कुलूपवाला बोलवायचा तर खर्च मोठा. घरात शिरल्यावर किल्ली कुलपातून काढून खुंटीला लावा.

स्वयंपाकघरात शेगडी अनेकदा इंडक्शनची असते. बुडाला लोहचुंबक चिकटला नाही तर तो कुकर सोबत नेऊन उपयोग नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण मिक्सरची तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. चिमणी बऱ्याचदा धूर बाहेर टाकत नाही, हवा नुसती गाळून परत खोलीत सोडते. जर्मनीत झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म कायद्यानेच बसवलेला असतो, तेव्हा फोडणी घालण्याआधी खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावा. मेतकूट, भाजणी, काळा मसाला खुशाल न्या. तूप, पेढे मात्र नाही: भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला बंदी आहे.

हे सगळं ताबा मिळाल्यानंतरचं. पैसे भरण्याआधी फ्लॅटच्या जाहिरातीत, तो पर्यटकांना भाड्याने द्यायची सरकारदरबारी नोंद दाखवणारा नोंदणी क्रमांक शोधा. इटलीत १ जानेवारी २०२५पासून तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दाराशी दाखवणं बंधनकारक आहे. बार्सिलोनात तो एचयूटीबी या अक्षरांनी सुरू होतो. तिथल्या महापालिकेने २०२४मध्ये जाहीर केलं की पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचे, कारण शहरातल्या माणसांनाच घरं परवडेनाशी झाली आहेत. विनापरवाना घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. ते ऐनवेळी बंद पडलं तर शेंगेन व्हिसाच्या कागदावरचा पत्ताच खोटा पडतो, शिवाय त्या शहराच्या अडचणीत आपण भर घालतो ती वेगळीच.

बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत मजलेही फसवे असतात. तळमजल्याच्या वर एन्त्रेसुएलो नावाचा मजला, त्याच्या वर प्रिन्सिपाल आणि मग 'पहिला' मजला. 'तिसरा मजला' प्रत्यक्षात पाचवा निघतो. आजी-आजोबा सोबत असतील तर मजला विचारू नका. लिफ्ट आहे का आणि पायऱ्या किती, हे विचारा. ॲमस्टरडॅममध्ये राहत्या घरात एका वेळी चारच पाहुणे ठेवता येतात, पाच जणांच्या कुटुंबाने तिथे हॉटेलच बघावं.

भाड्याशिवाय सफाईचे पैसे एकरकमी लागतात, दोन रात्रींना तेवढेच आणि सात रात्रींनाही तेवढेच. त्यामुळे एक-दोन रात्रींसाठी फ्लॅट सहसा परवडत नाही. शहराचा पर्यटन कर इटलीत माणशी, दर रात्री मोजतात, आणि तो अनेकदा हातात रोख मागतात.

घर बहुधा सकाळी दहा-अकराला सोडावं लागतं. कचरा ओला, कागद, प्लॅस्टिक, काच असा वेगळा करून खालच्या डब्यांत टाका. जर्मनीत काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, आवाजामुळे मनाई असते. विमान रात्रीचं असेल तर बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा, मोठे लॉकर दुपारपर्यंत भरून जातात.