गेमसाठी वही घेतली ते वर्ष

नमस्कार मंडळी. रेडिओवर व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच आहे, कारण सगळा मामला बघायचा आणि इथं दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. पण झालंय असं की २०२५ मध्ये पीसीवर मला जे गेम सगळ्यात जास्त आवडले ते मी स्क्रीनपेक्षा एका शंभर पानी वहीतूनच जास्त चांगले सांगू शकते. हो, खरी वही, रेघांची. डावा हात की-बोर्डवर, उजवा माऊसवर, आणि मधेच माऊस सोडून पेन. घरच्यांना पहिले काही दिवस वाटलं मी कसली तरी परीक्षा देतेय आणि तो गैरसमज काही मी लगेच दूर केला नाही.

तर वही आणायला लावली ती ‘ब्लू प्रिन्स’नं. १० एप्रिलला आला हा गेम, टोंडा रॉस नावाच्या माणसानं जवळपास आठ वर्षं घालवून बनवलेला. गोष्ट एवढीच की सायमन नावाच्या मुलाला एक प्रचंड वाडा वारशात मिळणारे पण अट अशी की ४५ खोल्यांच्या त्या वाड्यात ४६वी खोली शोधून दाखवायची. आता यातली मेख ऐका. वाडा आधीपासून बांधलेला नसतोच. रुंदीला पाच, लांबीला नऊ असे रिकामे चौकोन असतात आणि तुम्ही दार उघडायला गेलात की गेम तीन खोल्या पुढे ठेवतो, त्यातली एक तुम्ही निवडायची, मग ती दारापलीकडे येते. दिवसाला पावलं ५०, खोलीत शिरलं की एक गेलं. पावलं संपली किंवा सगळी दारं बंद पडली की दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा परत कोरा. काल कमावलेल्या चाव्या, नाणी, रत्नं बहुतेक सगळं गेलेलं असतं. डोक्यात जे राहिलं ते राहिलं, आणि माझं डोकं काही इतकं भरवशाचं नाही, म्हणून वही.

त्यात एक दिवाणखाना आहे, तिथं टेबलावर तीन पेट्या, निळी, पांढरी, काळी. एकीत रत्नं. प्रत्येकीवर काहीतरी लिहिलेलं. नियम असा की निदान एक पेटी खरं बोलते आणि निदान एक खोटं, आणि उघडायला किल्ली एकच. समजा निळीवर लिहिलंय, ‘रत्नं माझ्यात आहेत’. पांढरीवर, ‘रत्नं माझ्यात नाहीत’. आणि काळीवर, ‘निळी पेटी खरं बोलते’. हे कोडं माझं आहे, गेममधलं नाही, पण साधारण जात तीच. बघा करून, मी आपली पुढे बोलत राहते.

वहीची पहिली वीस-बावीस पानं याच गेमनं खाल्ली. भिंतीवरच्या चित्रात काय आहे, कुठल्या पत्रात कोणती तारीख, हे सगळं मी लिहीत गेले आणि त्यातलं निम्मं अजून कशासाठी आहे ते कळलेलं नाही. एक मान्य करते, कधीकधी हा गेम रडवतो. तुम्हाला नेमकं माहीत असतं काय करायचंय पण हवी ती खोलीच येत नाही, तास जातो, हाती काही नाही. त्या दिवशी मी वही मिटून झोपले, आणि पहाटे उठून परत बसले, आता काय बोलणार.

त्याच्या आधी फेब्रुवारीत, ४ तारखेला, ‘किंगडम कम डिलिव्हरन्स टू’ आला होता, प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा. १४०३ सालचं बोहेमिया, म्हणजे आजच्या चेकियातला भाग, आणि तुम्ही हेन्री. सुरुवातीलाच अंगावरचं चिलखत, तलवार, इज्जत सगळं जातं आणि गावात कोणी विचारत नाही. कपडे मळलेले असले तर लोक तोंड वाकडं करून बोलतात, रक्त लागलेलं असलं तर आणखी वेगळं. पण मला आवडली ती सेव्ह करायची, म्हणजे झालेला खेळ जपून ठेवायची पद्धत. वाटेल तेव्हा सेव्ह होत नाही, झोपायला हक्काचा पलंग पाहिजे नाहीतर एक विशिष्ट दारू प्यायला पाहिजे, आणि ती विकत घ्यायची ऐपत नसली तर स्वतः करायची. करायची म्हणजे बटण दाबलं आणि झाली असं नाही हो. कढईत वाइन ओता, नेटल नावाच्या झाडाचा पाला टाका, भाता चालवून उकळी आणा, वाळूचं घड्याळ उलटं करून वाट बघा, तोवर बेलाडोना नावाची वनस्पती खलात कुटा, मग ते घाला आणि बाटलीत भरा. ही कृती वहीत उशिरा उतरवून घेतली, म्हणून पलीकडच्या पानावर सगळं ‘ब्लू प्रिन्स’. आणि उशिरा का, तर तोवर बाटली नसताना जंगलात तीन दरोडेखोरांच्या अंगावर धावून गेले आणि दीड तासाचा खेळ पाण्यात गेला. पण त्यानंतर प्रत्येक वळणावर जी छाती धडधडायची ना, ती फुकटच्या सेव्हमध्ये कुठून येणार.

मधे एक मोठ्या बजेटचा गेमही घेतला होता, नाव नाही घेत. पहिल्यांदा चालू केला तर शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होतायत म्हणून पट्टी सरकत राहिली, मग खेळताना नेमका लढाईत अडखळायचा, आणि नकाशावर बाण, जमिनीवर चमकणारी रेघ, इकडे जा, आता हे उचल, शाबास. लहान मुलाला बोट धरून नेतात तसं. सहा-सात तास खेळले आणि वहीत त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मला लक्षात आलं की माझी आवड-नावड ही वहीच ठरवतेय.

मग सप्टेंबर. ‘हॉलो नाइट सिल्कसाँग’. २०१९च्या फेब्रुवारीत जाहीर झाला होता, बनवणारी ऑस्ट्रेलियात ॲडलेडमधली ‘टीम चेरी’, मूठभर माणसं, आणि साडेसहा वर्षं लोक फक्त वाट बघत होते, त्या वाट बघण्यावरचे विनोदसुद्धा जुने झाले. शेवटी ऑगस्टच्या उत्तरार्धात तारीख सांगितली आणि दोन आठवड्यांत, ४ सप्टेंबरला, गेम बाहेर. झुंबड अशी उडाली की ऑनलाइन दुकानंच कोलमडली, आणि पहिल्याच दिवशी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक खेळत होते. अवघड आहे, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला पाच मुखवटे म्हणजे तुमचा जीव, आणि कितीतरी शत्रू एका फटक्यात दोन नेतात. हंटर्स मार्च नावाचा भाग आहे, तिथं मी उड्या मारत, पडत, मरत कशीबशी एका बाकापर्यंत पोचले. या गेममध्ये बाक म्हणजे माहेर, बसलं की जखमा भरतात, जागा सेव्ह होते. बसले. आणि बाकाला लावलेला सापळा सुटला, सणसणीत फटका! मी खुर्चीतच ओरडले आणि मग इतकी हसले की बास. ज्या कोणाला हे सुचलं त्याला दंडवत. वहीत त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘बसण्याआधी बघ’. आणि शाक्रा नावाची नकाशे विकणारी आहे, ती गात असते, म्हणजे दिसायच्या आधी तिचा आवाज ऐकू येतो, आणि हरवलेलं असताना तो आवाज कानावर पडला की जो जीव भांड्यात पडतो, अहाहा.

‘क्लेअर ऑब्स्क्युअर एक्स्पिडिशन थर्टी थ्री’बद्दल सगळ्यांनी सगळं बोलून झालंय म्हणून थोडक्यात. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला सँडफॉल स्टुडिओ, २४ एप्रिल. एक चित्रकारीण दरवर्षी एका भल्यामोठ्या खांबावर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं हवेत विरून जातात, आकडा दरवर्षी एकानं कमी. यंदा ३३. पहिल्या तासातच नायक गुस्ताव्ह त्याच्या जुन्या प्रेयसीचा, सोफीचा, निरोप घेतो आणि तिथं माझ्या वहीत एकच शब्द आहे, ‘नको’. लढाई पाळीपाळीनं असली तरी शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवायचा असतो, आणि मला ते डोळ्यांनी जमेना, कानांनी जमलं. एकदा चक्क नजर खाली ठेवून फक्त आवाजावर तीन वार अडवले, रेडिओवाल्यांनो, नोंद घ्या. डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम ठरला तो. छोट्या, स्वतंत्र गेमसाठीच्या इंडी गेम अवॉर्ड्सनं मात्र एआय वापरल्याच्या मुद्द्यावरून दिलेला मान परत घेतला आणि ‘ब्लू प्रिन्स’ला दिला. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ, माझ्या वहीत पहिला क्रमांक आधीपासून ‘ब्लू प्रिन्स’चाच होता.

‘पीक’चं पान नाहीच. जूनमध्ये आलेला छोटासा गेम, चौघांनी मिळून डोंगर चढायचा, आणि डोंगर रोज बदलतो, त्यामुळे कालची वाट लिहून उपयोग शून्य. आवाज जवळ असलात तरच ऐकू येतो. आमच्यातला एकजण ‘मी धरलंय, मी धरलंय’ म्हणता म्हणता घसरला आणि त्याचं ते वाक्य बारीक होत होत खाली गेलं. आम्ही तिघं कड्याला लटकून हसतोय, दमाची पट्टी संपत चाललीय, आणि मग एकेक करून सगळेच गेलो.

‘हेडीज टू’ हा गेम अजून अर्धाच झालाय, त्यामुळे त्याच्यावर बोलत नाही. ‘ब्लू प्रिन्स’मधली ४६वी खोली मला सापडली, बाविसाव्या दिवशी, पण वहीत अजून तीन पानं नुसती प्रश्नचिन्हांची आहेत, आज रात्री परत ५० पावलं मिळणारेत. वेळ संपलीय असं समोरून खुणावतायत. आणि हो, मघाच्या कोड्यातली रत्नं काळ्या पेटीत. नमस्कार.